पासंगाचे शास्त्र

आमच्या गावच्या किराणा दुकानात आढ्याच्या कडीला एक मोठा तराजू टांगलेला असे. त्याच्या डाव्या पारड्याच्या साखळीला सुतळीने एक खडा बांधलेला होता. सुपारीएवढा, काळाकुळकुळीत, वर्षानुवर्षे तेलाचे हात लागून गुळगुळीत झालेला. लहानपणी मला तो दिसला की वाटे, हीच ती लबाडी. एकदा धीर करून विचारले. दुकानदारकाकांनी रागावण्याऐवजी दोन्ही पारडी रिकामी केली आणि सुतळी सोडली. काटा उजवीकडे झुकला. खडा परत बांधला, काटा मधोमध आला. "उजवं पारडं नवं आहे, डावं झिजलंय. हा पासंग," एवढेच ते म्हणाले आणि माझी पावशेर साखर तोलून दिली.

पुढे रसायनशास्त्र शिकलो, कारखान्यांत काम केले, शिकवले. त्या सगळ्या काळात मला त्या खड्याची आठवण सारखी येत राहिली. पासंग पारडे दुरुस्त करत नाही. झिजलेले पारडे झिजलेलेच राहते. पासंग एवढेच करतो, की एका दोषासमोर त्याच वजनाचा दुसरा दोष मुद्दाम उभा करतो, आणि दोघांची बेरीज शून्य होते. रसायनशास्त्रात आणि रासायनिक अभियांत्रिकीत हे काम इतक्या ठिकाणी, इतक्या तऱ्हांनी चालते, की त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. परिभाषेत त्याला प्रतिपूरण म्हणतात. मी भरपाई म्हणेन, कारण कारखान्यातला माणूसही हाच शब्द वापरतो. या विषयाच्या दारात उभ्या असलेल्या वाचकाला आत बोलावण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

पाठ्यपुस्तके बहुतेक वेळा नको असलेला परिणाम काढून कसा टाकावा हे शिकवतात. पदार्थ शुद्ध करा, तापमान स्थिर ठेवा, हवा बाहेर काढा. ते बरोबरच आहे, आणि जिथे जमते तिथे तेच करावे. पण तापलेला पाइप लांबणारच, हवा तरंगबळ देणारच, तारेला रोध असणारच. काढता येत नाही ते मोजता येते, आणि मोजता आले की त्याच्याविरुद्ध काहीतरी उभे करता येते. इथून आपला विषय सुरू होतो.

सुरुवातीलाच एक भेद नीट समजून घ्यावा, म्हणून स्वयंपाकघरात जाऊ. आमटीत चिंच जास्त झाली की आपण गुळाचा खडा टाकतो. जिभेला आमटी बरी लागते. पण चिंचेतले आम्ल जेवढे होते तेवढेच त्या पातेल्यात आहे. जिभेऐवजी बिनकल्हईच्या पितळी पातेल्याला विचारले, तर ते सांगेल की गूळ घालूनही आमटी तितकीच आंबट आहे. तेच आम्ल चुन्याच्या निवळीने मारले असते तर पातेल्यालाही फरक कळला असता. दोन्हीला आपण सैलपणे भरपाई म्हणतो, पण एकीत परिणाम झाकला गेला आणि दुसरीत खरोखर फिटला. म्हणून कोणतीही भरपाई समोर आली की मी आधी विचारतो, ही कोणाच्या लेखी झाली? जिभेच्या, पातेल्याच्या, की मोजणाऱ्या उपकरणाच्या?

आता पुन्हा तराजूकडे. पासंगाने पारड्यांतला फरक भरून निघतो, आणि दांडीचे दोन्ही हात सारखे असतील तर एक किलो तोला की दहा किलो, तोच खडा पुरतो. पण दांडीचा एक हात दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असेल तर? रिकाम्या तराजूचा काटा तुम्ही पासंगाने मधोमध आणाल, आणि तरी माल टाकला की चूक होईल. जितका माल जास्त, तितकी चूक मोठी. या दोषाला पासंग चालतच नाही. इथे माल आणि मापे यांची पारड्यांत अदलाबदल करून पुन्हा तोलावे लागते आणि दोन वजनांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे लागते. ही रीत गाउस या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. बोर्दा या शास्त्रज्ञाची रीत आणखी साधी आहे. एका पारड्यात माल ठेवा, दुसऱ्यात वाळू टाकून काटा मध्यावर आणा, मग माल काढून त्याच पारड्यात मापे ठेवा. माल आणि मापे एकाच हातावर तोलली गेल्यामुळे दांडी वाकडी असली तरी वजन खरे निघते.

वैश्लेषिक रसायनशास्त्राचा निम्मा तरी शहाणपणा या दोन दोषांच्या फरकात आहे. काही चुका पारड्यासारख्या असतात. नमुन्यात पदार्थ कितीही असो, त्या तेवढ्याच राहतात. अनुमापनात दर्शकाचा रंग पालटायलाच थेंबभर द्रावण खर्ची पडते, अभिकर्मकातच थोडी अशुद्धी असते. त्यासाठी कोरी चाचणी करायची. नमुना सोडून बाकी सारे तसेच घ्यायचे, जे मूल्य येईल ते वजा करायचे. ती कोरी चाचणी म्हणजे पासंगच.

दुसऱ्या चुका दांडीसारख्या असतात. ज्योतीतून प्रकाश पाठवून कॅल्शियम मोजताना नमुन्यात फॉस्फेट असेल, तर कॅल्शियमचा काही भाग त्याच्याशी बांधला जातो आणि हवा-अॅसिटिलिनच्या ज्योतीत सुटा होत नाही. उपकरणाला सगळेच कॅल्शियम कमी दिसू लागते, ठरावीक प्रमाणात कमी. कोरी चाचणी इथे काही सांगत नाही. त्यासाठी प्रमाणित भर घालायची पद्धत आहे. समजा शुद्ध पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम कॅल्शियमला ०.०८ असे वाचन मिळते, आणि आपल्या नमुन्याचे वाचन ०.२० आले. भोळा हिशेब सांगतो, २.५ मिलिग्रॅम. आता त्याच नमुन्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम कॅल्शियम मुद्दाम घाला. वाचन ०.१६ ने वाढायला हवे होते, वाढले फक्त ०.१० ने. म्हणजे या नमुन्यात एका मिलिग्रॅमला ०.०५ एवढेच मिळते, आणि मुळात त्यात ४ मिलिग्रॅम कॅल्शियम होते. दांडी किती वाकडी आहे हे नमुन्यानेच सांगितले. याच अडचणीवर दुसरा इलाजही आहे. नमुन्यात लँथॅनमचा क्षार घातला तर फॉस्फेट लँथॅनमला जाऊन बिलगते आणि कॅल्शियम मोकळे होते. पहिली भरपाई आकड्यांतली, दुसरी परीक्षानळीतली.

विद्यार्थी इथे एक चूक नेहमी करतात, म्हणून थांबून सांगतो. प्रमाणित भर घातली म्हणजे सगळ्या चुका गेल्या असे त्यांना वाटते. पार्श्वभूमीचा प्रकाश जर वाचनात ०.०३ ची कायमची भर टाकत असेल, तर भर घातल्याने ती जात नाही. तिच्यासाठी वेगळा पासंग लागतो, उदाहरणार्थ ड्युटेरियमच्या दिव्याने पार्श्वभूमी वेगळी मोजून वजा करणे. दोष कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याशिवाय भरपाई निवडू नये. या विषयातले निम्मे अपयश चुकीच्या जातीचा उतारा दिल्यामुळे येते, असे माझे मत आहे.

हे मला पुस्तकातून नव्हे, एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कळले. मी तेव्हा नवा होतो. एका रिअॅक्टरमधला माल दुपारच्या पाळीत काळपट यायचा आणि रात्रपाळीत स्वच्छ. दोन्ही पाळ्यांच्या नोंदवहीत तापमान १२० अंशच. दुपारच्या ऑपरेटरांवर बरीच बोलणी झाली. शेवटी इन्स्ट्रुमेंटचे एक जुने मेकॅनिक आले. त्यांनी पॅनेलकडे पाहिलेच नाही. थेट रिअॅक्टरवर चढले आणि थर्मोकपलच्या डोक्यावरच्या डबीला हात लावून म्हणाले, "ही गरम आहे. इथून पुढे वायर कसली टाकलीय?"

वायर साधी तांब्याची होती. मूळची कॉम्पेन्सेटिंग केबल, म्हणजे थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची तार, कधीतरी तुटली होती आणि हाताशी असलेली तार जोडून कोणीतरी काम चालू केले होते. थर्मोकपलचे तत्त्व असे, की त्यातून मिळणारा विद्युतदाब गरम टोकाच्या तापमानावर नव्हे, तर दोन टोकांच्या फरकावर ठरतो. क्रोमेल-अॅल्युमेलच्या जोडीत अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. थंड टोक पॅनेलमध्ये असेल तर पॅनेल आपल्या खोलीचे २५ अंश त्यात मिळवते आणि बरोबर आकडा दाखवते. ही झाली भरपाई. पण मध्ये तांब्याची तार आली की थंड टोक पॅनेलमधून उठून त्या डबीत जाते. दुपारी डबी ४५ अंशांवर, म्हणजे पॅनेल २० अंशांनी कमी दाखवणार. रात्री डबी ३० वर, चूक पाचच अंशांची. दुपारचा माल नोंदवहीत १२० अंशांवर आणि रिअॅक्टरमध्ये १४० अंशांवर शिजत होता.

मेकॅनिककाकांनी थर्मोकपल उपसून उकळत्या पाण्याच्या किटलीत बुडवले. पॅनेलवर ८०. नवी केबल टाकून पुन्हा बुडवले, तर पॅनेलवर ६०! आम्ही सगळे चक्रावलो. ते शांतपणे म्हणाले, "उलटी लागली," आणि दोन तारांची अदलाबदल केली. १००. भरपाई उलटी जोडली की चूक तशीच राहत नाही, दुप्पट होते, हे त्या तीन आकड्यांनी मला जन्मभरासाठी शिकवले. ८०, ६०, १००. वर्गात हा विषय सुरू करताना मी फळ्यावर आधी एवढेच लिहितो.

प्लॅटिनमच्या रोध-तापमापीत हीच अडचण वेगळ्या वेषात येते. पीटी-१०० चा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि अंशामागे सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. जोडतारांचा रोध दोन ओहम असला तरी पाच अंशांची चूक पदरात पडते. म्हणून तिसरी तार टाकतात. ती मोजमाप करत नाही, फक्त इतर दोघींसारख्याच वाटेने जाते, त्याच उन्हात तापते आणि व्हीटस्टन सेतूच्या दुसऱ्या भुजेत बसते. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. नको असलेला परिणाम मोजायला त्याचीच जुळी बहीण सोबत धाडायची.

आता ज्या उद्योगाने महाराष्ट्राचे ग्रामीण अर्थकारण घडवले तिकडे वळतो. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत गाळपाचा हंगाम हा आपल्या दिनदर्शिकेचाच भाग झाला. पण साखर कारखाना म्हणजे भरपाईशास्त्राची चालतीबोलती शाळा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

उसाचा रस मुळात आम्लधर्मी असतो, सामू साधारण ५ ते ५.५. तसाच तापवला तर साखरेचे रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. ३४२ ग्रॅम साखरेचे ३६० ग्रॅम साखरद्रव्य होते, वजन वाढते, पण त्याचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जाते. म्हणून चुन्याची निवळी घालायची. चुना जास्त झाला तर? मग आधीपासून रसात असलेले ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कलीत मोडतात, रस तांबूस-काळा होतो आणि मोडताना नवी आम्ले तयार होतात. एका बाजूला साखर फुटते, दुसऱ्या बाजूला रंग चढतो, आणि मधली वाट अरुंद. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात गुळव्या हीच वाट डोळ्यांनी आणि बोटांनी धरतो. काहिलीत भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढायची, चुन्याचे पाणी बेताने सोडायचे, पाकाचा रंग बघायचा. हात जरा सैल सुटला की गूळ काळा पडतो आणि बाजारात भाव पडतो. त्याच्याकडे सामूमापक नसतो, पण चूक कुठल्या बाजूला गेली हे त्याला रंगावरून आणि वासावरून कळते.

कारखान्यात चुन्यासोबत गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, सोडतात. चुना सामू वर नेतो, धूर खाली आणतो, दोघांचा मेळ ७ च्या आसपास घालायचा. पाहणाऱ्याला वाटेल, एक ओतायचे आणि दुसऱ्याने खोडायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? पण त्यांच्या भांडणातून कॅल्शियम सल्फाइटचा साका तयार होतो आणि तो रसातला गाळ आणि रंगद्रव्ये आपल्यासोबत खाली घेऊन बसतो. भरपाईने सामू सांभाळला आणि जाता जाता रस निवळून दिला. अशी दुहेरी कमाई करणारी भरपाई विरळ. तिची किंमतही आहे. थोडा चुना रसात उरतो, बाष्पित्रांच्या नळ्यांत त्याचे कठीण पापुद्रे धरतात, उष्णता जाईनाशी होते आणि ठरावीक दिवसांनी कॉस्टिक उकळून नळ्या खरवडाव्या लागतात. (साखर कारखान्यात 'उतारा' म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचे प्रमाण, आणि घराघरांत उतारा म्हणजे विषावरचा उपाय. चुन्याच्या टाकीपाशी उभे राहिले की हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.)

साखर मोजण्याच्या उपकरणातही पासंग लपलेला आहे. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवते आणि त्या वळणावरून साखर मोजतात. १८४० च्या दशकात पॅरिसच्या सोलेय या भिंगकाराने वळण मोजण्याऐवजी खोडून काढायचे ठरवले. क्वार्ट्झही प्रकाश वळवतो, आणि डावीकडे वळवणारा क्वार्ट्झही मिळतो. त्याच्या पाचरी सरकवून जाडी वाढवत न्यायची. साखरेचे वळण पुरते फिटले की दृष्टिक्षेत्राचे दोन्ही भाग सारखे दिसतात, आणि पाचर किती सरकली यावरून साखर कळते. खुबी अशी, की वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश साखर ज्या प्रमाणात कमीजास्त वळवते, जवळपास त्याच प्रमाणात क्वार्ट्झही वळवतो. म्हणून साध्या पांढऱ्या दिव्यावर काम भागले. चांगला पासंग नुसता वजनाला जुळून चालत नाही, स्वभावालाही जुळावा लागतो. रंग बदलला, तापमान बदलले, तरी दोष आणि भरपाई दोघांनी बरोबरीने बदलायला हवे.

इथपर्यंत वाचकाला वाटले असेल, की या शास्त्रात सगळे जमूनच येते. तसे नाही. या क्षेत्राचा इतिहास फसलेल्या भरपायांनी भरलेला आहे आणि मला तोच भाग जास्त शिकवून गेला.

१८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक उपाय मांडला. इंग्लंडच्या आरमारी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि खारे पाणी ते खाऊन टाकी. डेव्हीने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. तांब्याऐवजी तेच झिजू लागले आणि तांबे शाबूत राहिले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने उपाय निर्दोष होता. आज जमिनीखालचे तेलाचे पाइप आणि बंदरातले खांब याच तत्त्वावर वाचवले जातात. पण जहाजे सफरीवरून परतली तेव्हा त्यांच्या बुडावर शेवाळ आणि बार्नेकलचे थर चढलेले होते आणि वेग मंदावला होता. तांबे हळूहळू विरघळत होते म्हणूनच तर त्याच्या विषाने हे जीव दूर राहत होते. ज्या झिजेची भरपाई केली, तीच जहाजाच्या उपयोगाची होती. आरमाराला ते तुकडे काढून टाकावे लागले. नको असलेला परिणाम खरोखर कोणालाच नको आहे ना, हे तपासल्याशिवाय त्याच्या मागे लागू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते या जहाजांमुळे.

शिशाच्या पेट्रोलची गोष्ट याहून दीर्घ आणि दुःखाची आहे. इंजिनात पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसत. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिज्लीला आढळले, की टेट्राएथिल लेडच्या चिमूटभर मात्रेने ठोके थांबतात. पण शिशाची राख झडपांवर आणि स्पार्क प्लगवर साचू लागली. तिच्या भरपाईला एथिलीन डायब्रोमाइड घातले. त्याने शिशाचे ब्रोमाइड केले, ते वायुरूपाने धुराड्यातून बाहेर पडले आणि इंजिन स्वच्छ राहिले. शिसे गेले कुठे? रस्त्यावर, हवेत, मुलांच्या रक्तात. ब्रोमीनची मागणी इतकी वाढली, की १९३४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या क्युर बीचला ते समुद्राच्या पाण्यातून काढायचा कारखाना निघाला. भरपाईची भरपाई, आणि तिच्यासाठी आणखी एक उद्योग. टेट्राएथिल लेडनेच ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथे पाच कामगारांचे प्राण घेतले होते, तरी ते अर्धशतक चालत राहिले. पुढे धूर स्वच्छ करणारे प्लॅटिनमचे उत्प्रेरक गाड्यांना बसले, आणि शिसे त्या उत्प्रेरकालाच मारते म्हणून त्याला हटवावे लागले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला.

ठोक्यांचा प्रश्न मात्र उरलाच. त्यावर आलेल्या उपायांपैकी एक होता इथेनॉल, आणि २००१ मध्ये त्याचे आपल्याकडे प्रायोगिक मिश्रण मिरज आणि मनमाडला झाले, तेही उसाच्या मळीतल्या इथेनॉलचे. दाणे न पडलेली जी साखर आपण वर मळीत सोडून आलो, तीच अशी पेट्रोलमध्ये पोचते. इथेनॉलचीही आपली अवगुणांची यादी आहे. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, आणि पाणी शोषून ते पेट्रोलपासून वेगळे होऊ शकते. पण हे अवगुण उघड दिसणारे आहेत, मोजता येणारे आहेत. शिशाचा अवगुण धुराड्याबाहेर, हिशेबाच्या वहीबाहेर गेला होता. माझ्या लेखी दोन्हींत हाच मोठा फरक आहे.

फ्लिक्सबरोचे नाव या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे. इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या या गावी नायलॉनच्या कच्च्या मालाचा कारखाना होता. सायक्लोहेक्झेनचे सहा रिअॅक्टर एकापाठोपाठ, सुमारे १५५ अंश तापमानावर. तापलेले पोलाद लांबते, मीटरमागे अंशाला १२ मायक्रोमीटर. म्हणून रिअॅक्टरांच्या मध्ये भाता असतो तसे घड्याघड्यांचे लवचीक जोड, बेलोज, बसवले होते. १९७४ च्या मार्चमध्ये पाचव्या रिअॅक्टरला लांब भेग सापडली. त्यामागचे कारण वाचले की अंगावर काटा येतो. आधीच्या एका बारीक गळतीवर उपाय म्हणून त्याच्या अंगावर कारखान्यातले थंड पाणी सोडले जात होते. त्या पाण्यात नायट्रेट होते, आणि ताणाखालच्या पोलादाला नायट्रेटने चिरा पाडल्या. पाचवा रिअॅक्टर काढला, आणि चौथा व सहावा जोडायला २० इंची पाइप दोन कोन देऊन वाकडा बसवला, दोन्ही टोकांना बेलोज. आराखडा म्हणून कारखान्याच्या फरशीवर खडूने काढलेले चित्र होते. आतल्या दाबाने अशा वाकड्या पाइपला पीळ बसतो आणि बेलोज तो पीळ सोसू शकत नाहीत, हा हिशेब कोणी केला नाही. १ जून १९७४ ला, शनिवारी दुपारी, तो निखळला. स्फोटात २८ माणसे गेली.

बेलोज लांबीची भरपाई करायला बनले होते, आणि ते काम ते चोख करत होते. त्यांच्याकडून पिळाची भरपाईही मागितली गेली. पासंगाला दांडीचा दोष फेडायला लावला तर काय होते, ते तिथे दिसले.

नियंत्रणाच्या दुनियेत आणखी एक अडचण आहे, वेळेची. वाफेची झडप उघडली आणि परिणाम पाच मिनिटांनी दिसला, तर मधल्या पाच मिनिटांत उतावळा नियंत्रक झडप आणखी उघडून बसतो. मग उलट धाव, पुन्हा उतावळेपणा, आणि तापमान झोके खाऊ लागते. १९५७ मध्ये ऑटो स्मिथने सुचवले, की नियंत्रकाला प्रक्रियेची एक गणिती प्रतिकृती सोबत द्यावी, म्हणजे अजून न दिसलेला परिणाम तो आधीच धरून चालेल. प्रतिकृती बरोबर असेल तोवर हे सुरेख चालते, विलंबाचा आकडा चुकला की झोके पुन्हा सुरू. विद्युतरसायनातही तसेच. द्रावणाच्या रोधामुळे पडणारी तूट भरून काढताना अनुभवी माणूस शंभर टक्के भरपाईच्या अलीकडेच थांबतो, कारण कणभर जास्त झाली तर उपकरण स्वतःच कंप पावू लागते. यावरचा गणिताचा भाग लांबलचक आहे आणि त्याला घाबरायचे कारण नाही. बीजगणित येत असेल तर वाट सापडते.

हे सारे वाचून कुठून सुरुवात करावी असे वाटत असेल, तर एक २५ मिलिलिटरचे चांगल्या प्रतीचे पिपेट आणि दशसहस्रांश ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू घ्या. पिपेटने ऊर्ध्वपातित पाणी सोडा आणि तोला. २७ अंशांच्या खोलीत २५ ग्रॅम येणार नाहीत. पाण्याची घनता त्या तापमानाला ०.९९६५ असते, म्हणून सुमारे ८७ मिलिग्रॅम तिथेच कमी होतील. उरलेल्यातून आणखी २५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा उचलून घेईल, कारण पाण्याने हटवलेली हवा पोलादी मापांनी हटवलेल्या हवेपेक्षा आठपट आहे. पिपेटला मुभा असलेली चूकच साधारण ३० मिलिग्रॅमची, म्हणजे हवेचा हिशेब विसरलात तर चांगल्या पिपेटला तुम्ही विनाकारण दोषी ठरवाल. मुंबईपेक्षा पुण्यात हवा विरळ, तेव्हा तिथे ही दुरुस्ती दीड मिलिग्रॅमने लहान होईल. तेवढाही फरक दिसतो का, हे दहा वेळा तोलून पाहा. दोन्ही दुरुस्त्या आधी कागदावर करा, अपेक्षित वजन लिहून ठेवा, मग पाणी सोडा. पिपेट खरे असेल आणि तुमचा हात स्थिर असेल, तर तराजूवर २४.८९ ग्रॅमच्या जवळपास आकडा उमटेल.